आर: समरीत 'कॉल'खाली अख्खा डेटा छापला जातोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आर (आकडेवारीची प्रोग्रॅमिंग भाषा) वापरणाऱ्यांसाठी प्रश्न आहे. (फंक्शनांची नावं देवनागरीत लिहितोय, सांभाळून घ्या.)

बरेच फॉर्म्युले एका यादीत ठेवून मी ओळीने एलएम (रेषीय मॉडेल बसवणारं फंक्शन) चालवतो. आर्ग्युमेंट्स आधीच गोळा झालेली असतात, म्हणून ती यादीने फंक्शनला देणारं डू.कॉल वापरतो. आरसोबत येणाऱ्या एअरक्वालिटी डेटावरही हेच होतं, करून बघा:

डू.कॉल(एलएम, लिस्ट(ओझोन ~ टेम्प + विंड, डेटा = एअरक्वालिटी))

आकडे बरोबर येतात, पण समरीत 'कॉल:' या शब्दाखाली, जिथे फंक्शन कसं चालवलं ती ओळ हवी, तिथे आधी एलएम फंक्शनचा सगळा कोड, मग ४१, ३६, १२, १८ करत १५३ ओळींचा डेटा. कोएफिशियंट्स कुठेतरी तळाला. डू.कॉल सोडून एलएम(एफ, डेटा = डी) असं लिहिलं (एफ म्हणजे यादीतला फॉर्म्युला, डी म्हणजे डेटा) तर 'फॉर्म्युला = एफ' एवढंच दिसतं, मग मॉडेल कोणतं ते कळायला मार्ग नाही. गाईडना पीडीएफ द्यायची आहे. काय करू?

प्रतिसाद १:
डू.कॉलला तुम्ही वस्तूच देताय, नाव नाही. एलएम आपला कॉल मॅच.कॉलने जपून ठेवतं, आणि त्यात तुम्ही दिलेली वस्तू जशीच्या तशी जाऊन बसते. म्हणून फंक्शनचं नाव अवतरणचिन्हांत द्या आणि डेटा क्वोटमध्ये (म्हणजे किंमत न काढता नुसतं नाव जातं):

डू.कॉल("एलएम", लिस्ट(एफ, डेटा = क्वोट(एअरक्वालिटी)))

एफ मात्र तसाच राहू द्या. त्याची किंमत म्हणजेच फॉर्म्युला, तो छापलेला वाचता येतो. आता एका ओळीत सगळं दिसेल.

काही जण नंतर एम$कॉल$डेटा (एम म्हणजे तयार मॉडेल) मध्ये हवं ते नाव घालून मोकळे होतात. मला ते पटत नाही. अपडेट() तोच कॉल पुन्हा चालवतं; त्या नावाचा दुसराच डेटा समोर असला तर चूक न दाखवता वेगळंच मॉडेल हातात येतं.

प्रतिसाद २:
वरच्याला +१. फॉर्म्युला आलेखाच्या शीर्षकात टाकणार असाल तर डीपार्स (कोडची स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, करणारं फंक्शन) जपून वापरा. त्याची रुंदी मुळात ६० असते, त्यामुळे लांबलचक फॉर्म्युल्याचे तुकडे होऊन एकाऐवजी दोन-तीन स्ट्रिंग मिळतात. आर ४.०.० पासून डीपार्स१ आहे, ते एकच स्ट्रिंग देतं.

कुणीतरी पाइप (डावीकडचा डेटा उजवीकडच्या फंक्शनला देणारं चिन्ह) सुचवेलच, म्हणून सांगून ठेवतो. ४.१.० मध्ये आलेला |> हा पाइप पार्सरच (कोड वाचणारा आरचा भाग) उलगडतो, त्यामुळे छापलेल्या कॉलमध्ये तुमच्या डेटाचं खरं नाव येतं (डेटा = _ लिहायला ४.२.० लागेल). मॅग्रिटर पॅकेजच्या %>% ने मात्र 'डेटा = .' असा नुसता टिंब दिसतो. तुमचा कोड कितीही नीटनेटका असो, तो टिंब वाचून गाईडना काय समजणार?

मूळ प्रश्नकर्ता:
जमलं! दोघांचे आभार. एक राहिलं: वेट्स (प्रत्येक ओळीचं वजन) म्हणून डेटातलाच एक कॉलम द्यायचा आहे. त्यालाही क्वोट लागेल का?

प्रतिसाद १:
हो, आणि तिथे तर पर्यायच नाही. क्वोट नसेल तर लिस्ट() बनतानाच आर तो कॉलम बाहेर शोधू लागेल आणि 'ऑब्जेक्ट नॉट फाउंड' म्हणून थांबेल.