अनुभव धागा: लाकूडकोरीव काम – तुमचा हात कसा बसला?

ओसरी
पाहुण्यांना पुणे दाखवायचं म्हणून परवा विश्रामबागवाड्यात गेले. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधलेला वाडा, आयुष्यभर बसच्या खिडकीतून बघितलेला. पण हातात पटाशी, म्हणजे कोरायची छिन्नी, आल्यापासून नजर भलतीकडेच जाते. सुरूच्या झाडासारखे निमुळते सुरुदार खांब, वर कोरलेली केळफुलं, आणि माझ्या डोक्यात एकच, ही पाकळी कुठल्या बाजूने उतरवली असेल? पाहुणे पुढे निघून गेले, मी आपली खांबाशी.

तिथेच आमच्या शेजारचे सुतारकाका आठवले. निवृत्तीनंतर मी हा उद्योग मांडला तेव्हा त्यांनी कितीतरी दिवस नक्षी काढूच दिली नाही. आधी धार. मनगटावरचे केस निघेपर्यंत पटाशी निसण्यावर घासायची. मग आंब्याच्या फळकुटावर एक साधं पान. रेषेवर पटाशी उभी धरून मोगरीने हलके टोले, मग बाहेरून तिरपी पटाशी त्या कापापर्यंत. ढलपी आपसूक सुटते. पानाच्या अर्ध्यावर लाकडाची नस, म्हणजे तंतूंची दिशा, उलटी लागते, तिथे हट्ट करायचा नाही, फळकूट फिरवून दुसऱ्या टोकाकडून यायचं. नाहीतर चिरफळी निघून पाकळी गेलीच. पानांचा कंटाळा यायचा, पण हात बसला तो त्या पानांवरच असं माझं ठाम मत आहे.

कोणी करतं का इथे? कशाने फरक पडला ते लिहा. फोटो असतील तर टाकाच.

फणसगरा
मस्त धागा. आमच्याकडे सावंतवाडीत चितारआळीतली लाकडी फळं बघतच मोठे झालो. ती मूळची पांगाऱ्याची. हलकं, मऊ लाकूड, नवशिक्याला बरं, पण बारीक नक्षी धरत नाही, कडा चुरते. मी शिवणीच्या लाकडावर आलो आणि काम एकदम स्वच्छ दिसायला लागलं. माझं कौशल्य कमी, शिवणीचंच जास्त :)
पावसात मात्र सगळं बंद. लाकूड फुगतं.

टंकनिक
माझी बायको म्हणते, घरात एकच सुतारपक्षी पुरे. भुसा सोफ्यात, चहात, मुलाच्या दप्तरात.

शुभ्रा_क
@टंकनिक हाहा, आमच्याकडे उलट, नवरा भुसा झाडतो आणि मी कोरते.
मोदकाचा लाकडी साचा कोणी केलाय का? आजीचा होता तसा हवाय. आतल्या कळ्या उलट्या कोरायच्या म्हणजे डोकंच चालत नाही.

ओसरी
@शुभ्रा मळलेली कणीक दाबून बघत जा. कोरलंय किती ते लगेच उमटतं. सगळं एकदम खोल नेऊ नकोस, थोडं कोर, कणीक दाब, परत कोर.

शुभ्रा_क
अगं हो की!! आत्ताच पोळ्यांची कणीक भिजवलीये. जाते.

वऱ्हाडी_ठेचा
आम्ही सागावरच शिकून राह्यलो भाऊ, आमच्याकडे दुसरं मिळते कुठं. सागात वाळूचा अंश असते म्हणे, म्हणून धार लवकर मरते. माहा अर्धा वेळ निसण्यावरच जाते. पण त्याच्यानंच धार लावता आली हे बी खरं. आणि साग-शिसमाचा भुसा नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा. मले शिंका लागल्या की दुपारपर्यंत थांबत नाहीत.

निमिष_मिनेसोटा
इथे नवशिके बासवुड वापरतात, लोण्यासारखं कापलं जातं. मी चमचे करतो, ओल्या बर्चचे. ओलं लाकूड कापायला सोपं, फक्त वाळताना तडकतं. म्हणून अर्धवट चमचा प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजमध्ये. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, भाजीच्या कप्प्यात लाकूड बघून काही बोलल्या नाहीत. फक्त बघितलं.

टंकनिक
पुण्याच्या सासूबाई आणि बोलल्या नाहीत?? फोटो हवा.

मृदगंधा७
पूर्ण धागा वाचला नाहीये, बाळ झोपलंय तेवढ्यात. मी साबणावर सुरू केलं. स्वस्त, घरात असतोच, आणि उरलेला चुरा कपड्यांना. आता चाकूने छोटे पक्षी करते. अंगठा टेकवून चाकू अंगाकडे ओढायचा ती पकड जमली आणि चोची मोडायच्या थांबल्या. कापरोधक हातमोजा एका हातात नक्की घाला.
उठलं.

रेघोट्या
बारा पटाश्यांचा संच ऑनलाइन दिसतोय, घेऊ का? अजून काहीच केलेलं नाही.

फणसगरा
नको. एक सपाट, एक गोल, एक व्ही आकाराची. माझं आजही नव्वद टक्के काम या तिघांवर होतं. उरलेले पैसे बऱ्या निसण्यात आणि चामड्याच्या पट्ट्यात घाला, जुन्या न्हाव्यांकडे वस्तऱ्यासाठी असायचा तसा. बोथट पटाशीच हात कापते, कारण जोर लावावा लागतो आणि मग ती सटकते.

ओसरी
+१. पुण्यात असाल तर हत्यारं बोहरी आळीत हातात धरून बघून घ्या. लाकूड भवानी पेठेत टिंबर मार्केटला, तुकडे मागा. आणि लोखंडी हातोडी नको, पटाशीची मूठ फुटते. लाकडी मोगरीच.

अवखळ_आजोबा
बंगलोरला असताना सागर-शिर्सीकडच्या गुडिगारांचं, म्हणजे तिथल्या पारंपरिक कोरीव कारागिरांचं, चंदनकाम बघितलं होतं. नखाएवढ्या हत्तीच्या पाठीवर झूल, झुलीवर वेल. मी घरी येऊन माझा गणपती कपाटात ठेवला. पंधरवड्याने परत बाहेर काढला म्हणा.
अवांतर: @फणसगरा सावंतवाडीत बांगडा चांगला कुठे मिळतो? डिसेंबरात येतोय.

फणसगरा
@आजोबा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. आधी गणपतीचा फोटो.

निमिष_मिनेसोटा
चमच्यांना तेल कोणतं लावता? आईने शेंगदाण्याचं सुचवलंय.

वऱ्हाडी_ठेचा
नका लावू, खवट वास मारते. जवसाचं लावा, पातळ हात, आणि चांगलं वाळू द्या. तेलाची चिंधी मात्र गोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेते. पसरून वाळवा.

शुभ्रा_क
कणीक दाबून बघितली. तीन कळ्या दिसतायत, चौथी गायब. रात्री परत बसते. पोळ्या राहिल्या, आज भातच.