उन्हाळ्यातील दौऱ्यांत गिटार कशी जपावी? मदत हवी आहे
नमस्कार. मी नागपुरात राहून स्वतः गाणी लिहितो, त्यांना चाली लावतो आणि विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला जाऊन लहान कार्यक्रमांत ती गातो. लाकडी गिटारला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडची मे महिन्यातील हवा मात्र कोरडी ठणठणीत, आणि मुंबईत उतरताच तीच गिटार दमट हवेत सापडते. परवा तारा सैल न करता ती उन्हातल्या बंद गाडीत तासभर राहिली आणि ब्रिजखालचा, म्हणजे तारा अडकवायच्या लाकडी पट्टीखालचा, सरस सुटून नखाचे टोक शिरेल एवढी फट पडली. माझी बहुतेक गाणी याच गिटारवर सुचली आहेत, म्हणून जीव तुटतो. ब्रिज पुन्हा नीट बसवणारा जाणकार कारागीर सीताबर्डी किंवा महाल भागात कोणाच्या माहितीत आहे का? प्रवासात गिटारच्या पेटीतील आर्द्रता आपण कशी राखता, हेही कृपया सांगावे.