'सेट'ला एकच मराठी शब्द सापडेल का?

पाटीपेन्सिल: सासूबाईंनी ६८व्या वर्षी इंग्रजी शिकायला घेतलंय, वही माझ्याकडून तपासून घेतात. काल 'सेट'पाशी गाडी अडली. सूर्य सेट होतो म्हणजे मावळतो, जेली सेट होते म्हणजे थिजते, टेबल सेट करणं म्हणजे ताटं-वाट्या मांडणं, आणि टेनिसचा सेट वेगळाच. अकरा ओळी लिहून शेवटी पेन आपटलं, "अगं, एक काय ते धड सांग!" काय सांगू?

जुनाखडू: 'सेट' हे मुळात 'सिट'चं प्रयोजक रूप. बसणे-बसवणे, अगदी तसंच. मग बघा, मोडलेलं हाड बसवणे, अंगठीत खडा बसवणे, दोन्हीकडे इंग्रजीत 'सेट'च. (आपण तर गणपतीही बसवतो आणि नाटकही.) मात्र 'संच' या अर्थाचं नाम जुन्या फ्रेंचमधून आलं आणि पुढे दोन्हींची सरमिसळ झाली, तिथे 'बसवणे' चालवू नका. ऑक्सफर्ड कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद याच शब्दाची होती, त्यामुळे सासूबाईंचं पेन आपटणं रास्तच.

आंबटगोड: आमच्याकडे दही 'लागतं' बुवा. सेट होतं ते फक्त यूट्यूबवर.

पाटीपेन्सिल: जुनाखडू, वाचून दाखवलं. म्हणाल्या, "म्हणजे मराठीच अवघड की!" आता वहीच्या मागच्या पानावर 'बसणे'ची यादी सुरू आहे. घसा बसणे, धक्का बसणे, विश्वास बसणे, घडी बसणे... चौदाव्या ओळीवर आहेत, आणि चहा मलाच करावा लागतोय.