उलाढाल ५ कोटींच्या वर गेली, १ एप्रिलपासून जीएसटीत नेमकं काय काय बदलतं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कुपवाड एमआयडीसीत आमचं मशिन शॉप आहे. पंपाचे शाफ्ट, बुश, फ्लँज असा माल. भागीदारी फर्म आहे, मिस्टर आणि धाकटे दीर शॉप फ्लोअर बघतात. बिलं, चलनं, बँक आणि पार्ट्यांचे फोन माझ्याकडे. रिटर्न सीए भरतात. आजवर आम्ही तिमाही रिटर्नवाले होतो. यंदा, म्हणजे २०२५-२६ मध्ये, फेब्रुवारीतच उलाढाल ५ कोटींच्या पुढे गेली. घरात आनंद आहे, पण माझी झोप उडाली आहे.

ई-इनव्हॉइस, म्हणजे प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, लागणार एवढं मला ठाऊक आहे. २०२० मध्ये ५०० कोटींवाल्यांपासून सुरुवात झाली आणि मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आली. २०१७-१८ पासूनच्या कुठल्याही एका वर्षात मर्यादा ओलांडली की ते लागू राहतं, पुढच्या वर्षी धंदा कमी झाला तरी सुटका नाही, हेही वाचलंय. पण ५ कोटींच्या रेषेवर आणखी काय काय टांगलेलं आहे, ते मला एका जागी कुठेच सापडत नाही. पहिला प्रश्न हाच.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हे सगळं लक्षात तरी कसं ठेवायचं? गेल्या दीड वर्षातलंच बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयएमएस आलं, म्हणजे खरेदीची बिलं पोर्टलवर बघून स्वीकारायची, नाकारायची किंवा प्रलंबित ठेवायची. एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या (माल वाहतुकीच्या ऑनलाइन परवान्याच्या) लॉगिनला सगळ्यांनाच ओटीपी. त्याच तारखेपासून भागीदारांना दिलेल्या पगारावर आणि व्याजावर, वर्षाला २० हजारांच्या वर गेलं की, १० टक्के टीडीएस. मे २०२५ च्या जीएसटीआर-१ (विक्रीच्या रिटर्न) पासून एचएसएन, म्हणजे मालाचा कोड, यादीतूनच निवडायचा. जुलैपासून थ्रीबीतला (कर भरायच्या रिटर्नमधला) विक्रीच्या कराचा आकडा लॉक झाला, चूक असेल तर जीएसटीआर-१ए मधून आधी दुरुस्त करायची. २२ सप्टेंबरला आमच्यासारख्या जॉबवर्कचा, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर केलेल्या मजुरीच्या कामाचा, दर १२ वरून १८ टक्के झाला. आणि आता १ एप्रिल २०२६ पासून अख्खा प्राप्तिकर कायदाच नवा.

सीए हुशार आहेत, मनापासून काम करतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण पूर्वी महिनाअखेरीला फाइल त्यांच्याकडे गेली की हिशेब तिथे सरळ व्हायचा. आता चूक असेल तर ती बिल फाडतानाच होते, आणि तेव्हा सीए तिथे नसतात. परवा संध्याकाळी टेम्पो गेटवर भरून उभा, पुण्याच्या पार्टीला माल सकाळी हवा, रक्कम लाखाच्या वर म्हणून ई-वे बिल हवंच, आणि ओटीपी मिस्टरांच्या मोबाइलवर. ते फाउंड्रीत कास्टिंग बघायला गेलेले, फोनला रेंज नाही. ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी ऑफिसच्या दारात येऊन बघून जातोय. तेव्हा जाणवलं की ही माहिती आणि हे अधिकार आता शॉपमध्येच असायला हवेत.

छोट्या युनिटमध्ये, वेगळं अकाउंट्स खातं नसताना, तुम्ही हे कसं सांभाळता? व्हॉट्सॲपवर दिवसाला दहा फॉरवर्ड येतात, त्यातलं खरं कुठलं हे कसं ओळखता? कृपया अनुभवावरून सांगा.

– कुपवाडकर

खतावणी:
ताई, आधी अभिनंदन. मी सल्लागार म्हणून हेच काम करतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं सविस्तर सांगतो.

उलाढाल मोजताना ती पॅनवर मोजतात. त्याच पॅनवर दुसऱ्या राज्यात नोंदणी असेल तर तीही धरायची. जीएसटीची रक्कम मात्र त्यात येत नाही. तुम्ही करासकट ५ कोटी मोजले असतील तर आधी तेवढं तपासा. खरंच ओलांडली असेल तर १ एप्रिलपासून नोंदणीकृत ग्राहकाचं प्रत्येक बिल आणि क्रेडिट नोट ई-इनव्हॉइस पोर्टलवर नोंदवून आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर कोड घ्यायचा. त्याशिवाय दिलेलं बिल कायद्याने बिलच धरत नाहीत. तुमच्या पार्टीचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) अडकतं आणि मग पार्टी तुमचं पेमेंट अडकवते. नोंदवलेलं बिल पोर्टलवर २४ तासांच्या आतच रद्द होतं, आणि रद्द केलेला नंबर पुन्हा वापरता येत नाही. नंतर चूक दिसली तर क्रेडिट नोट काढायची किंवा जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती करायची. जॉबवर्कला जाणाऱ्या मालाच्या चलनाला आयआरएन लागत नाही, त्याची काळजी नको.

तिमाही रिटर्नची सवलत संपली. एप्रिलपासून दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० ला थ्रीबी. बिलावर एचएसएन चारऐवजी सहा आकडी. आयटीसी-०४, म्हणजे प्लेटिंग, हिट ट्रीटमेंटला पाठवलेल्या मालाचा तपशील, आजवर वर्षातून एकदा द्यायचा होता. आता सहा महिन्यांनी, २५ ऑक्टोबर आणि २५ एप्रिलला. आणि २०२५-२६ च्या वार्षिक रिटर्नबरोबर ९सी हा रिटर्न आणि हिशेबाचा ताळमेळही लागेल, मुदत ३१ डिसेंबर २०२६.

आता एक गोष्ट, जी सहसा कुठल्या यादीत नसते. तुमचा प्लेटिंगवाला तिमाही रिटर्न भरत असेल तर त्याचं एप्रिलचं बिल तुमच्या टूबीत (पोर्टलवरच्या खरेदी-क्रेडिटच्या यादीत) कधी दिसेल? त्याचा जीएसटीआर-१ जाणार १३ जुलैला, तुमची जूनची टूबी तयार होणार १४ जुलैला. म्हणजे १ लाखाच्या कामावर तुम्ही त्याला दिलेले १८ हजार तुम्हाला २० मेच्या थ्रीबीत वापरता येणार नाहीत, थेट २० जुलैच्या रिटर्नमध्ये मिळतील. तोवर तेवढा कर खिशातून. तुम्ही दोघंही तिमाही होता तोवर हा प्रश्नच नव्हता. उपाय सोपा आहे: त्याला एप्रिल आणि मेची तुमची बिलं आयएफएफमध्ये (तिमाहीवाल्यांना दरमहा बिलं चढवायची सोय) १३ तारखेपर्यंत चढवायला सांगा. ती सोय ऐच्छिक आहे, त्यामुळे तुम्ही मागितली नाही तर तो आपणहून करणार नाही. असे सगळे पुरवठादार मार्चमध्येच शोधून ठेवा.

भोसरीचा लेथ:
ओटीपीचं आधी सोडवा वहिनी. ई-वे बिल पोर्टलवर मुख्य लॉगिनखाली उप-वापरकर्ते तयार करता येतात, प्रत्येकाचा मोबाइल नंबर वेगळा. एक तुमच्या नावाने, एक डिस्पॅचवाल्या पोराच्या नावाने. आमच्याकडे तीन आहेत, टेम्पो कधी अडत नाही.

फॉरवर्डचं म्हणाल तर आम्ही एकच नियम पाळतो. बातमी आली की विचारायचं, हे जीएसटी काउन्सिलच्या बैठकीत ठरलंय, की अधिसूचना निघालीय, की पोर्टलवर चालू झालंय? सप्टेंबरचंच घ्या. दर बदलायचं ३ तारखेच्या बैठकीत ठरलं, अधिसूचना १७ ला निघाली, लागू झालं २२ ला. आमच्या शेजारच्या गाळ्यात ४ तारखेलाच १८ टक्क्यांनी जॉबवर्कची बिलं निघाली आणि पार्टीने ती परत पाठवली. थ्रीबी लॉक होण्याची तारीखही आधी जानेवारी २०२५ सांगितली होती, प्रत्यक्षात जुलैच्या रिटर्नपासून झालं. त्यामुळे आधी जीएसटी पोर्टलवरचा बातम्यांचा भाग बघायचा. दर सोमवारी सकाळी आमची ऑफिसमधली मुलगी तो उघडते, नवीन काही असेल तर प्रिंट काढते आणि आमच्या कामाच्या ओळीखाली रेघ मारते. सीएंना तेवढीच ओळ पाठवून विचारतो, हे आम्हाला लागू आहे का, आणि कुठल्या तारखेच्या बिलापासून? "काही बदललंय का" असं विचारलं तर उत्तर गोलमोल येतं. ओळ दाखवून विचारलं की हो किंवा नाही मिळतं.

जमाखर्च:
दर बदलतो तेव्हा सगळ्यात जास्त भांडणं जुन्या कामाच्या बिलावरून होतात, म्हणून लिहिते. काम बदलाच्या आधीचं, पण बिल आणि पैसे दोन्ही नंतरचे असतील तर दर नवा लागतो. सप्टेंबरमध्ये काम २० ला पूर्ण, बिल २५ ला आणि पैसे ऑक्टोबरात, तर १८ टक्केच. पुढे कधी दर बदलला तर तयार जॉबवर्कची बिलं आदल्या दिवसापर्यंत काढून मोकळं व्हा.

नव्या प्राप्तिकर कायद्याला घाबरू नका. तुमच्या रोजच्या कामात आधी खटकतील ते कलमांचे नंबर. पगार सोडून बाकीचा बहुतेक टीडीएस आता कलम ३९३ खाली एकत्र आलाय, आणि मागील वर्ष-निर्धारण वर्ष ही जोडी जाऊन एकच कर वर्ष आलंय. मार्चपर्यंतची कपात जुन्या कायद्याने, एप्रिलपासूनची नव्याने. टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) टीडीएसचे प्रकार बदलायचं काम ३१ मार्चच्या रात्री करू नका, आवृत्ती अद्ययावत करून आधी एक नमुना नोंद करून बघा.

आणि मार्च आहे म्हणून: उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु कारखानदारांचे किंवा सेवा देणाऱ्यांचे पैसे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तर ठरलेल्या मुदतीत पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. ती मुदत उलटून ३१ मार्चला थकलेली रक्कम या वर्षाच्या खर्चात धरत नाहीत. प्लेटिंगवाला बहुधा यातच येईल.

कुपवाडकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. खतावणी सर, प्लेटिंगवाल्याला आत्ताच फोन केला. तो तिमाहीच आहे, आणि त्याला आयएफएफ हा शब्दही माहीत नव्हता. त्याच्या रिटर्नवाल्याशी मीच बोलणार आहे. आमचे असे चार पुरवठादार निघाले. उलाढालही कर वजा करून पुन्हा मोजली, तरीही ५ कोटींच्या वरच आहे.

दादा, उप-वापरकर्त्याचं आजच करते. सोमवारचं कामही माझ्याकडेच घेते.

एक शंका राहिली. ३१ मार्चला बिल काढलं आणि माल १ एप्रिलला सकाळी बाहेर पडला, तर त्या बिलाला आयआरएन लागेल का?

खतावणी:
नाही. बिलाची तारीख ३१ मार्च असेल तर लागणार नाही, कारण तेव्हा तुमची आधीच्या वर्षांची उलाढाल मर्यादेच्या आत होती. माल निघण्याच्या आधी बिल काढायला हरकत नसते. मात्र १ एप्रिलचं पहिलं बिल नव्या मालिकेतलं ठेवा, नंबर सगळा मिळून १६ अक्षरांच्या आत. ई-इनव्हॉइस पोर्टलवर तुमचा जीएसटीआयएन (जीएसटी नंबर) सुरू दाखवतोय का तेही बघा, नसेल तर तिथेच सुरू करून घ्या. टॅली जोडण्यासाठी लागणारं युजरनेम-पासवर्ड मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातच तयार ठेवा. एप्रिलच्या पहिल्या दिवशी पोर्टलवर गर्दी असते.