मदत हवी आहे: कल्याणहून नाणेघाट एका दिवसात, शिलालेख आणि जेवणासकट

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात एका रविवारी नाणेघाट करायचा विचार आहे. आम्ही पाच जण, त्यात दोन मुलं १२ वर्षांची. पाचांतल्या एकाला चढताना काही होत नाही, पण उतरताना गुडघा दुखतो. कल्याणहून एस.टी.ने निघून रात्री परत यायचं आहे. वेळेचं गणित कसं बसवावं? लेण्यातला शिलालेख आपल्यासारख्याला काही कळतो का, की नुसत्या रेघा दिसतात? आणि त्या भागात जाऊन मासवडी न खाता परत यायचं नाही, तर ती घाटावर मिळेल का?

पायवाट

माळशेजमार्गे आळेफाटा, जुन्नर किंवा अहिल्यानगरकडे जाणारी पहाटेची गाडी धरा. मुरबाड, टोकावडे, वैशाखरे आणि त्यानंतर थोडं पुढे उजव्या हाताला नाणेघाटाची कमान. तिकीट काढतानाच कंडक्टरला 'नाणेघाट पायथा' सांगून ठेवा. टोकावडं मागे पडलं की सामान आवरून दाराशी या, कारण कमान पटकन मागे जाते. कल्याणहून साधारण दोन तास धरा. आठच्या आत चालायला लागलात तर चढाचा मोठा भाग उन्हाआधी होतो.

पहिला टप्पा रानातून जवळपास सपाट आहे आणि चुकतात ते इथेच. ढोरवाटा खूप फुटतात आणि त्या मुख्य वाटेपेक्षा जास्त मळलेल्या असतात. दगडांवरच्या खुणा बघत जा. दहा मिनिटं एकही खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे फिरा. अंदाजाने आडवं घुसू नका. ओढा ओलांडला की चढ सुरू होतो आणि शेवटी दोन कड्यांमधल्या नळीत दगडी फरसबंदी लागते. हे दगड शतकानुशतकांच्या वर्दळीने गुळगुळीत झालेत. हिवाळ्यातही सावलीत दव असतं, त्यामुळे झिजलेल्या तळव्याचे बूट सरकतात. मुलांसह लेण्यापर्यंत तीन तास लागतील.

पाणी माणशी तीन लिटर घ्याच. लेण्याजवळ टाकी आहेत, पण ते पाणी गाळून-उकळून घेतल्याशिवाय पिऊ नका. खाण्याची पिशवी हातात लोंबती ठेवली तर माकडं ओढतात, सगळं सॅकमध्ये चेन लावून ठेवा. अत्तर, सेंट लावून येऊ नका आणि कड्याखाली धूर करू नका. कपारींत आग्या मोहोळं असतात.

शिळा

शिलालेखाबद्दल. लेणं सातवाहनांचं, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत मजकूर आहे आणि तो राणी नागनिकेशी जोडला जातो. त्यात अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांच्या दक्षिणा आकड्यांनिशी नोंदवल्यात. एक आकडा तर २४,४०० चा आहे. भारतातल्या अंकचिन्हांच्या इतिहासात हा लेख म्हणूनच इतका मोलाचा.

समोरून विजेरी मारली की भिंत सपाट दिसते आणि अक्षरं गायब होतात. विजेरी भिंतीला जवळजवळ चिकटवून, प्रकाश बाजूने तिरका टाका. प्रत्येक खोबणीत सावली भरते आणि अक्षर उठून येतं. मुलांना आधी ब्राह्मी 'क' शोधायला सांगा, तो अगदी अधिकच्या चिन्हासारखा असतो. एक सापडला की ती भराभर पुढचे शोधतात. मात्र बोट फिरवायचं नाही, खडूने अक्षरं भरायची नाहीत, पाणी मारायचं नाही. दगड आधीच झिजलेला आहे आणि गेलेलं अक्षर परत येत नाही.

मागच्या भिंतीकडे बहुतेक लोक बघतच नाहीत. तिथे सातवाहन घराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आता पावलांच्या जागा तेवढ्या उरल्यात, वर नावं कोरलेली: सिमुक, सातकर्णी, नागनिका आणि इतर. लेण्यात पाऊण तास तरी द्या. नंतर खिंड चढून वर गेलात की मोठा दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात.

भाकरतुकडा

मासवडी घाटावर आयत्या वेळी मिळणार नाही. ती जुन्नरच्या बाजूची. बेसन घट्ट शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर तीळ, सुकं खोबरं, लसूण, परतलेला कांदा, कोथिंबीर यांचं सारण पसरायचं, फडक्यानेच वळून दाबून घ्यायचं आणि निवल्यावर वड्या कापायच्या. गरम असताना कापली तर सारण सांडतं. सोबत काळ्या मसाल्याचा रस्सा नि बाजरीची भाकरी. एवढ्या खटाटोपामुळे खानावळीतही आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं बरं. रस्सा वेगळा मागा आणि खाताना ओता, नाहीतर वडी भिजून फुटते.

घाटमाथ्यावर घाटघरला घरगुती पिठलं-भाकरी, ठेचा मिळतो, तोही आधी कळवलं तर. तिथे भात नि नाचणी पिकते, म्हणून भाकरी तांदळाची किंवा नाचणीची मिळाली तर तीच आवडीने खा, बाजरीचा आग्रह नको.

पायवाट

वरचं वाचून आणि गुडघ्याचा विचार करून माझं मत स्पष्ट आहे: त्याच वाटेने उतरूच नका. कोकणातून चढून जुन्नरला जाणारीच ही जुनी वाट आहे. घाटमाथ्यापासून जुन्नर साधारण ३० किलोमीटर डांबरी रस्ता आहे. एस.टी. मोजक्याच, म्हणून घाटघरहून जीप आदल्या दिवशीच पक्की करा आणि जुन्नरहून कल्याणची शेवटची गाडी आगारात विचारून ठेवा. अकराला लेणं, साडेबाराला माथा, दोनपर्यंत जुन्नर, चारच्या आत परतीची गाडी.

धागाकर्ता

हे फारच सोयीचं झालं. जीप ऐनवेळी आली नाही तर?

पायवाट

एक वाजेपर्यंत वाट बघा, त्यापुढे नाही. मग खाली उतरायचं, दोन काठ्या गुडघेवाल्याच्या हातात द्यायच्या आणि फरसबंदीवर पाऊल आडवं टाकत जायचं. उतरायला अडीच तास धरले तर उजेडात रस्त्याला लागता. तिथे कल्याणकडची एस.टी. हात दाखवून थांबवावी लागते आणि रविवारी गाड्या भरून येतात. म्हणून अंधाराआधी कमानीपाशी पोहोचायचंच. दुपारसाठी पोळी-भाजीचा डबा सॅकमध्ये ठेवा, म्हणजे जेवणासाठी माथ्यावर अडकून पडणार नाही.

भाकरतुकडा

खानावळीत सांगतानाही माणसं किती ते सांगा, आणि जीप नाही आली तर फोन करून लगेच कळवा. पाच जणांच्या वड्या वळून ठेवलेल्या असतात.