मदत हवी आहे: मळ्यातलं जुनं घर, पहिलं बाळ आणि विहिरीचं पाणी. आधी काय हाती घ्यावं?

यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याकडे आमचा केळीचा मळा आहे आणि मळ्यात आजेसासऱ्यांनी बांधलेलं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर. इतकी वर्षं त्यात ठिबकच्या नळ्या आणि खताच्या गोण्याच राहत होत्या. नवऱ्याने पुण्याची नोकरी सोडली, आता आम्ही दोघं तिथेच संसार थाटणार आहोत. मला पाचवा संपत आलाय, तारीख सप्टेंबरअखेरची. बाळंतपण माहेरी धुळ्याला, त्यावर कुणाचं दुमत नाही. प्रश्न सव्वा महिन्याचं बाळ घेऊन मळ्यात परत येण्याचा आहे. तेव्हा कांदेबागाची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीची लागवड चालू असेल, म्हणजे घराच्या कामाला माणूस मिळणार नाही. जे करायचं ते आत्ताच, आणि हातात आहेत साडेतीन लाख. (डोहाळजेवणाचं बजेट मात्र वेगळं निघालंय, त्याला कधीच काही कमी पडत नाही.)

छपराच्या कड्यांना, म्हणजे आडव्या लाकडांना वाळवी लागलीय. भिंतीवरून मातीच्या रेघा वर चढल्यात आणि दोन कड्यांत सुरीचं पातं लोण्यात जावं तसं आत जातं. नवरा म्हणतो, धाबं उतरवू, पत्रे टाकू, आठवड्यात मोकळं. पण मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५च्या वर जातो. मोटारीच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी उभं राहवत नाही, आणि धाब्याखाली साध्या पंख्यावर झोप लागते. बाळाचा पहिला उन्हाळा येईल तेव्हा ते सात-आठ महिन्यांचं असेल. स्लॅब टाकला तर सगळे पैसे त्यातच जिरतील. गवंडी म्हणतो, कुजलेल्या कड्या बदलू, वर जाड प्लास्टिक कागद आणि त्यावर पुन्हा खारी माती. असं कुणी केलंय का? किती पावसाळे टिकतं?

दारं-खिडक्या सागवानी आहेत, त्यांच्यावर ऑइलपेंटचे कितीतरी थर. रंगारी म्हणतो, दिव्याने जाळून खरवडतो, लाकूड नव्यासारखं निघेल. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. आमचे थर त्याच्या कितीतरी आधीचे, म्हणजे जाळताना-खरवडताना शिसं उडण्याची भीती. मी सध्या गावातल्या घरी आहे, पण रोज डबा घेऊन मळ्यात जाते. ते काम चालू असताना जाणं पूर्ण बंद करावं का?

तिसरं पाणी. विहिरीचं पाणी तपासून घेतलं, नायट्रेट (खतातून, शेणामुतातून पाण्यात उतरणारा क्षार) लिटरला ६८ मिलिग्रॅम निघालं. पिण्याच्या पाण्यात मर्यादा ४५ची. सासूबाई म्हणाल्या, उकळून पिऊ. पण उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं उलट दाट होतं. तुरटी आणि फडक्यानेही फरक पडत नाही. आरओ बसवावा तर शेतीच्या फीडरला वीज आठ तास, त्यातही आठवडे आलटून पालटून रात्रीची. घराला सिंगल फेज आहे, पण तीही भरवशाची नाही.

एवढं सगळं घरात मांडलं तर आजेसासूबाई नातवाला म्हणाल्या, "तू याच घरमा धाकलाना मोठा व्हयना, तुले काय व्हयनं?" आता याला काय उत्तर द्यायचं! त्यांच्या काळी ठिबकमधून दर आठवड्याला युरिया सुटत नव्हता, एवढंच मी म्हणाले, तेही मनात.

मळ्यात तान्हं बाळ घेऊन राहिलेल्यांनी सांगावं: आधी छप्पर, दारं की पाणी?

प्रतिसाद १
ताई, आधी पाणी, आणि ते स्वस्तातलं काम आहे. गावात आरओचा प्लँट असेल तर रोज दोन जार आणा, प्यायला आणि स्वयंपाकाला. विहिरीचं पाणी अंघोळीला, धुण्याभांड्याला चालतं. पहिले सहा महिने बाळाला अंगावरच्या दुधाशिवाय काही द्यायचं नसतं, पाणीसुद्धा नाही. नायट्रेटचा खरा धोका वरच्या दुधाच्या बाळांना, दुधाची पावडर त्या पाण्यात कालवली की. सहा महिन्यांनंतर पेज, वरणाचं पाणी सुरू कराल तेही जारच्याच पाण्यात शिजवा. आत्ता तुम्हीही तेच प्या. आणि एक सांगा, उकिरडा विहिरीपासून किती लांब आहे?

प्रतिसाद २
रंग जाळू देऊ नका, कोरडा घासूही देऊ नका. जिथे थर पक्का आहे तिथे त्यावरच नवा हात मारा. पोपडे सुटलेत तेवढेच ओले करून वॉटर पेपरने काढायचे, खाली कागद अंथरायचा, फरशी ओल्या फडक्यानेच पुसायची. रंगाचे तुकडे चुलीत घालू नका. तोवर तुम्ही तिकडे फिरकू नका, डबा दुसरं कुणी नेईल.
धाब्याबद्दल गवंड्याचं ऐका. आमचं असंच केलेलं आहे, दर वर्षी मृगाआधी खारी मातीचा हात द्यावा लागतो, तो चुकला की गळतं. वाळवीचं औषध तुम्ही माहेरी गेल्यावर मारायला सांगा. घराला लागून पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळक्या काड्यांचा) ढीग असेल तर हलवा, विंचू तिथेच असतात. बाळाची बाज भिंतीपासून सुटी, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. मण्यार रात्रीच फिरते.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. उकिरडा विहिरीच्या वरच्या अंगालाच आहे, गोठ्याचं मूतही तिकडेच उतरतं. सासऱ्यांना सांगितलं, ते लगेच हो म्हणाले, खड्डा बांधाच्या खालच्या बाजूला घेतोय. जार सोमवारपासून सुरू.
छपराचं अजून अडलंय. नवऱ्याचं म्हणणं, दर वर्षी माती घालायला माणसं कुठून आणणार, त्यापेक्षा पत्रे टाकून खाली उसाच्या पाचटाचं किंवा थर्माकोलचं छत करू. पाचटात वाळवी आणि उंदीर होतील असं मला वाटतं. खानदेशच्या उन्हात पत्र्याखाली असं छत करून कुणी मे महिना काढलाय का? गवंड्याला रविवारपर्यंत कळवायचंय.