मदत हवी आहे : कारल्यावरची फळमाशी, सापळा नेमका कुठे टांगावा?
साताऱ्याजवळ परसात मांडवावर कारली आणि दोडका आहे, रासायनिक काहीच वापरत नाही. वेल जोमदार आहेत, पण कारलं बोटभर झालं की टोचल्याची खूण दिसते आणि तिथेच वाकून पिवळं पडतं. चिरलं तर आत पांढऱ्या अळ्या वळवळतात. निंबोळी अर्क झाला, दशपर्णी (दहा झाडांच्या पाल्याचा अर्क) हाही झाला. मावा गेला, माशी हटत नाही. किडकी फळं रोज वेचून साबणाच्या पाण्यात बुडवतो, कंपोस्टात टाकत नाही. आता क्यू ल्यूरचा (नर माशीला ओढणाऱ्या वासाचा) कामगंध सापळा आणलाय. त्यात अडकतात फक्त नर. विषारी फवारा सुचवू नका, मांडवावर मधमाश्या येतात. एवढ्याशा जागेत सापळा मांडवातच टांगायचा की लांब कुंपणापाशी? शेजारच्या शेतातल्या माश्या उलट इकडेच ओढल्या जातील का? आणि माशी टोचू नये म्हणून कागदी पिशवी फळाला नेमकी कधी बांधायची?